गाबोळीचा पैसा आणि नदीची सेवा

मुंबईच्या मासळीबाजारांत रावस घेणाऱ्या गिऱ्हाइकास 'हा आपला इंडियन सॅमन' असें सांगणारा विक्रेता हटकून भेटतो. हें नांव इंग्रजांनीं दिलें. मूळच्या सॅमनाशीं रावसाचें कसलेंहि नातें नाहीं. मांसाचा रंग व चव यांवरून परक्या माणसास आपल्या देशाची आठवण झाली, एवढाच त्याचा अर्थ. गाबोळी मात्र आपल्या पूर्ण ओळखीची आहे. भरल्या पोटाच्या मासळींतून निघालेली ती अंड्यांची जोडपिशवी तव्यावर परतून खाणारास तिच्यांत किती मासे होते हा हिशेब सुचत नाहीं, आणि सुचूंहि नये. परंतु हा हिशेब ज्यांस दरसाल करावा लागतो असे लोक जगांत आहेत, व त्या हिशेबावर अंशतः चालणारें एक लोकोपयोगी कार्यहि आहे. त्याचीच हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य कोंपऱ्यांत, पॅसिफिक महासागराच्या कांठीं, वॉशिंग्टन नांवाचें संस्थान आहे. त्याच नांवाच्या राजधानीशीं वाचकांनीं त्याची गल्लत करूं नये. या संस्थानाच्या विधिमंडळानें १९९० च्या सुमारास प्रादेशिक मत्स्यसंवर्धन मंडळांची योजना कायद्यानें उभी केली. आज अशीं चौदा मंडळें आहेत. ग्रेज हार्बर नांवाच्या खाडीवर अशा प्रकारचें एक मंडळ कायद्याच्या आधींपासूनच काम करीत होतें, व कायद्याच्या प्रास्ताविक कलमांतच त्याचा नांवानें गौरव केलेला आहे. विधिमंडळें सहसा असें करीत नाहींत. मंडळांचे काम करणारे लोक बहुतांशीं स्वयंसेवक: मासेमारीवर पोट भरणारे कोळी, हौसेनें गळ टाकणारे, शेतकरी, शिक्षक, निवृत्त गृहस्थ. नफा वांटून घेण्याची त्यांस मुभा नाहीं. मग पैसा कोठून? मासेमारीच्या परवान्यांवरील फीचा कांहीं भाग त्यांच्या खात्यांत जातो. आणि दुसरा ओघ म्हणजे सरकारी हॅचरींत, अर्थात् अंडीं उबवण्याच्या ठाण्यांत, शिल्लक उरलेलीं सॅमनचीं अंडीं व मेलेले मासे विकून येणारा पैसा. माशांच्या उद्धाराचा खर्च माशांच्याच गाबोळींतून! 'तळें राखील तो पाणी चाखील' ही आपली म्हण येथें उलटी झाली आहे. तळें राखणाराची मजुरीच तळ्याचें पाणी विकून द्यावयाची, असा हा प्रकार आहे.

ही व्यवस्था प्रथमदर्शनीं इतकी सोयीची वाटते कीं, तींत कांहीं अडचण असेल अशी शंकाहि येत नाहीं. शंका येण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो.

सॅमन नदींत जन्मतो, समुद्रांत वाढतो, आणि दोन-चार वर्षांनीं प्रजोत्पादनासाठीं जन्मनदीकडे परततो. त्या नदीच्या वासाची खूण त्यास लहानपणींच पटलेली असते, हें विस्कॉन्सिन येथील आर्थर हॅस्लर या प्राणिशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनीं १९५० नंतर सिद्ध झालें. पॅसिफिककडील जाती अंडीं घातल्यावर मरतात. चिनूक जातीची मादी एका वेळीं चार-पांच हजार अंडीं घालते, कोहो जातीची अडीच-तीन हजार. मोकळ्या नदींत त्यांतलीं बहुतेक पुरानें, गाळानें, दुसऱ्या माशांच्या तोंडीं पडून नाहींशीं होतात. एका जोडप्यामागें दोन मासे परत आले कीं वंश टिकला. हॅचरींत हा सगळा नाश टळतो. तेथें मादीचें पोट चिरून अंडीं बादलींत घेतात, त्यांवर नराचें वीर्य पिळतात, आणि थंड वाहत्या पाण्याच्या तबकांत तीं ठेवतात. शेंकडा ऐशींहून अधिक अंड्यांतून पिलें निघतात. कांहीं आठवड्यांनीं अंड्याच्या पारदर्शक कवचांतून पिलाचे दोन काळे डोळे दिसूं लागले म्हणजे तें अंडें कणखर झालें. मग बर्फांत घालून तें पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास पाठविलें तरी चालतें. अंड्यांचा व्यापार झाला तो या दोन काळ्या ठिपक्यांमुळें.

अंड्यांच्या या प्रवासाची सुरुवात १८७२ सालीं झाली. संयुक्त संस्थानांच्या सरकारनें आदल्याच वर्षीं मत्स्यआयोग नेमला होता व त्याच्या शिरोभागीं स्पेन्सर बेअर्ड हा पंडित होता. त्यानें लिव्हिंग्स्टन स्टोन या गृहस्थास कॅलिफोर्नियांत पाठविलें. स्टोन हा मूळचा धर्मोपदेशक. प्रकृतीमुळें म्हणा, आवडीमुळें म्हणा, व्यासपीठ सोडून तो मत्स्यपालनाकडे वळला होता. मॅक्लाउड नदीच्या कांठीं विंनेमेम विंटू जमातीच्या भूमींत त्यानें ठाणें उभारलें व त्यास बेअर्डचें नांव दिलें. जमातीच्या लोकांनीं आधीं विरोध केला, मागाहून त्याच ठाण्यावर मजुरी केली. अंडीं येथून पूर्वेकडच्या नद्यांना आणि पुढें परदेशांस जाऊं लागलीं. हेतु उदात्त होता: पूर्वेकडे गिरण्यांच्या बंधाऱ्यांनीं व मळीनें सॅमन संपला होता, तर पश्चिमेकडचा नेऊन तेथें लावावा. पश्चिमेकडे तो संपणार नाहीं कशावरून, हा प्रश्न त्या पिढीस पडला नाहीं. पूर्वेकडील प्रयत्न फसला. न्यूझीलंडमध्यें मात्र सॅक्रामेंटोच्या खोऱ्यांतून १९०१ ते १९०७ या काळांत गेलेल्या चिनूकच्या अंड्यांनीं मूळ धरलें.

त्याचा उत्तरभाग चटका लावणारा आहे. १९४५ सालीं पुऱ्या झालेल्या शास्ता धरणाखालीं स्टोनचें ठाणें व विंनेमेमांच्या वसाहती बुडाल्या, आणि मॅक्लाउडमध्यें सॅमन येणें बंद पडलें. २०१० सालीं त्या जमातीचे लोक न्यूझीलंडला गेले, तेथल्या नदीकांठीं नृत्य केलें आणि माशांची क्षमा मागितली. २०२२ च्या जुलै महिन्यांत धरणाखालच्या हॅचरींतून हिंवाळी चिनूकचीं सुमारें २०,००० अंडीं मॅक्लाउडच्या कांठीं नेऊन उबवण्यास ठेवलीं गेलीं. त्या हॅचरीस नांव लिव्हिंग्स्टन स्टोनचें आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें वर्ष १८७५ हें होय. कोलंबिया नदीवर डबाबंदीचे कारखाने वाढत होते व सॅमनचें पुढें काय होणार ही काळजी ओरेगॉनमध्यें सुरू झाली होती. बेअर्डचा सल्ला मागितला गेला. त्यानें संकटाचीं कारणें अगदीं बरोबर सांगितलीं: बेसुमार मासेमारी, बंधारे, बिघडलेल्या नद्या. उपाय मात्र असा सुचविला कीं, निर्बंधांचे कायदे करण्यापेक्षां कृत्रिम रीतीनें इतके मासे निर्माण करावे कीं निर्बंधांची गरजच उरूं नये. निदान अचूक, औषध भलतेंच! १८७७ सालीं ओरेगॉनमधील क्लॅकमस नदीवर कारखानदारांनीं स्वतः भांडवल घालून हॅचरी काढली, आणि ती उभारण्यास स्टोनलाच बोलाविलें. ज्यांनीं मासे संपवावयाचे त्यांनींच अंड्यांचा खर्च करावयाचा, म्हणजे संपविण्याचा परवाना आपोआप मिळतो. वॉशिंग्टनमध्यें पहिलें सरकारी ठाणें कलामा नदीवर १८९५ सालीं निघालें.

या विचारसरणीचें अगदीं नग्न स्वरूप एल्व्हा नदीवर दिसलें. टॉमस ऑल्डवेल या उद्योजकानें १९१० ते १९१३ या काळांत त्या नदीवर विजेसाठीं धरण बांधलें. धरणांत माशांसाठीं पायऱ्यांची वाट ठेवलीच पाहिजे असा संस्थानाचा कायदा होता. त्यानें ती ठेवली नाहीं. मत्स्यखात्याचा अधिकारी लेस्ली डार्विन यानें तोड काढली कीं, वाटेऐवजीं हॅचरी चालेल. पुढें १९१५ सालीं कायद्यांतच तशी सोय झाली. हॅचरी निघाली आणि १९२२ सालीं ती सोडून दिली, धरण राहिलें. शंभर वर्षांनीं, २०११ ते २०१४ या काळांत, त्या नदीवरचीं दोन्ही धरणें काढून टाकावीं लागलीं. अंड्यांचें तबक नदीची किंमत म्हणून स्वीकारलें गेलें होतें, आणि ती किंमत सात-आठ वर्षांत बुडाली.

हॅचरींत अंडीं शिल्लक कां राहतात, हें आतां सांगितलें पाहिजे. दरसाल किती पिलें सोडावयाचीं हें आधीं ठरलेलें असतें. तितक्यांपुरतीं अंडीं घेतलीं कीं काम झालें. परंतु समुद्र हा बेहिशेबी धनको आहे. एखाद्या वर्षीं तो शेंकड्यास एकहि मासा परत करीत नाहीं, एखाद्या वर्षीं पांच-पांच देतो. चांगल्या वर्षीं हॅचरीच्या दाराशीं हवेत त्याच्या कितीतरी पट मासे येऊन उभे राहतात. त्यांना परत नदींत सोडावें तर रोगाचें व रानटी वंशांत मिसळ होण्याचें भय. आंत घ्यावें तर अंड्यांना जागा नाहीं.

प्रथम हा साठा फुकट वाटला जाई. त्यांतलें सर्वांत गाजलेलें दान ओरेगॉनचें. तेथें १९६० नंतर पिलांसाठीं नवें ओलसर खाद्य निघालें, पिलें धष्टपुष्ट झालीं, आणि कोहोंचा इतका सुकाळ झाला कीं अंडीं उरलीं. मिशिगनचा मत्स्याधिकारी हॉवर्ड टॅनर याच्या कानीं ही गोष्ट गेली. त्यानें मागितलीं व १९६४-६५ च्या हिंवाळ्यांत दहा लाख अंडीं त्यास मिळालीं. मिशिगन सरोवरांत त्या वेळीं एल्वाइफ नांवाच्या क्षुद्र परक्या माशांनीं उच्छाद मांडला होता. १९६७ च्या उन्हाळ्यांत त्यांचे मेलेले ढीग किनाऱ्यावरून यंत्रांनीं उपसावे लागले. १९६६ च्या वसंतांत सोडलेले कोहो हे मासे खाऊन पोसले आणि १९६७ च्या शरदांत परतले, तेव्हां सबंध संस्थानांत गळ टाकणारांची अशी झुंबड उडाली कीं तिला 'कोहोज्वर' म्हणत. ओरेगॉनला यांतून कांहीं मिळालें नाहीं, परंतु एक गोष्ट सर्वांच्या लक्षांत आली: जें आपण फेंकतों त्याला गिऱ्हाईक आहे.

गिऱ्हाईक लवकरच पैसे घेऊन दारांत आलें. समुद्रांत जाळ्यांचे पिंजरे टांगून त्यांत सॅमन वाढविण्याचे प्रयोग प्युजेट साउंडमध्यें १९७० च्या आसपास यशस्वी झाले. जपानांत मियागी प्रांताच्या किनाऱ्यावर व मागोमाग दक्षिण अमेरिकेंत चिलीमध्यें कोहोची शेती सुरू झाली. त्या देशांत कोहो मूळचा नाहीं. सुरुवातीचीं बीजें अमेरिकेच्या वायव्येकडून येत. मेलेल्या माशांच्या गाबोळीलाहि बाजार होताच. जपानी लोक चम जातीचीं मोठीं केशरी अंडीं मिठांत मुरवून 'इकुरा' या नांवानें चवीनें खातात. हा शब्द त्यांनीं रशियनांकडून घेतला. आणि अमेरिकेंतील गळवाले तीच गाबोळी लाल रंगांत मुरवून आमिष म्हणून वापरतात. म्हणजे सॅमनच्या अंड्यांनीं सॅमनचेच भाईबंद पकडावयाचे!

वॉशिंग्टनचा कायदा या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. १९८४ सालीं तेथें स्वयंसेवकांच्या सहकारी मत्स्यप्रकल्पांचा कायदा झालाच होता. १९८८ सालीं सॅमनची एकूण मिळकत २००० सालापर्यंत दुप्पट करावयाची असें ध्येय ठरलें. आणि प्रादेशिक मंडळांनीं या दुपटीच्या कामीं हातभार लावावा असें त्यांच्या कायद्यांत लिहिलें गेलें. भाषा संवर्धनाची, तरी डोळा मिळकतीवर, हें उघड आहे. बेअर्डचा १८७५ चा आशावाद येथें शंभराहून अधिक वर्षांनीं पुन्हां बोलतांना ऐकूं येतो.

पण त्याच कायदेसमूहांत एक दुसरा आवाजहि आहे, आणि आमच्या मतें तो या साऱ्या हकीकतींतील मर्माचा भाग आहे. शिल्लक अंडीं वाजवी किंमत घेऊन मत्स्यपालकांस देण्याचा अधिकार खात्याला दिल्यावर लागलीच कायदा बजावतो कीं, विक्रीसाठीं अंडीं मिळावीं म्हणून खात्यानें जाणूनबुजून माशांची शिल्लक निर्माण करतां कामा नये. एवढेंच नव्हे, तर अंडीं शिलकी ठरविण्यापूर्वीं तीं घेऊं शकतील अशा नद्यांच्या खोऱ्यांची पाहणी करावी, आणि आपल्याच पाण्यांत वंशवृद्धीस उपयोगी न पडणाऱ्या वाणांचींच अंडीं विकावीं. पुढें आणखी एक कलम आलें. त्यानें जिवंत अंडीं नष्ट करण्यासाठीं हॅचरींतले मासे मारण्यास मनाई केली, आणि शिलकी अंडीं देण्याचा क्रम लावून दिला: आधीं स्वयंसेवकांचे सहकारी प्रकल्प, मग प्रादेशिक मंडळें, मग सॅमन पुनरुज्जीवनाचे इतर मान्य प्रकल्प, मग मूळ रहिवाशांच्या जमातींच्या हॅचऱ्या, मग शेजारच्या संस्थानांसह सरकारी हॅचऱ्या. जमातींना अंडीं द्यावयाचीं तीं विकून नव्हे, तशींच.

कायदेपंडितांस या कलमांत विशेष वाटणार नाहीं. आम्हांस वाटतें. शिल्लक या शब्दाचा अर्थच असा कीं ती आपोआप उरते, कोणी उरवीत नाहीं. पण एकदां तिच्यावर कोणाची तरी पोळी भाजूं लागली म्हणजे ती उरविण्याकडे मन झुकतें. यांत कोणी लबाड असावें लागत नाहीं. हिशेबाच्या वहींत जमेचा आंकडा मागच्या सालच्या आंकड्याकडे पाहत असतो, एवढें पुरतें. आपल्याकडे १९३७ सालीं प्रांतिक मंत्रिमंडळें आलीं तेव्हां दारूबंदी करावी तर शाळांचा खर्च कोठून काढावा हा पेंच पडला होता, तो ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें अधिक समजावून सांगणें नको. वॉशिंग्टनच्या विधिमंडळास हा मोह आधींच दिसला व त्यानें तो एका वाक्यांत बांधून ठेवला. अलास्कानें उलट मार्ग घेतला. तेथील १९७४ च्या कायद्यानें निघालेल्या ना-नफा हॅचऱ्या परत आलेले मासे विकूनच आपला खर्च भागवितात, व कोळी आपल्या मिळकतीवर कर देतात. तेथें भरपूर मासे निर्माण करणें हाच उघड हेतु असल्यामुळें शिलकेची लाज कोणास नाहीं. यांत कोणतें बरें हें ठरविणें सोपें नाहीं, परंतु दोन्ही एकच गोष्ट आहे असें मात्र कोणी समजूं नये.

येथें थोडें थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण स्वयंसेवकांच्या स्तुतींत ती हरवते. या नद्यांवर पहिला हक्क तेथील मूळ जमातींचा. १८५४ च्या मेडिसिन क्रीक तहानें व त्यामागून झालेल्या इतर तहांनीं त्यांनीं भूमि दिली, पण आपल्या नेहमींच्या जागीं मासे धरण्याचा हक्क राखला. तो पायदळीं तुडविला गेला. निस्क्वाली जमातीचा पुढारी बिली फ्रँक यास मासे धरल्याबद्दल प्रथम अटक झाली ती १९४५ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं. १२ फेब्रुवारी १९७४ रोजीं न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनीं निकाल दिला कीं, धरतां येण्याजोग्या माशांपैकीं अर्धे जमातींचे; वरिष्ठ न्यायालयानें १९७९ सालीं तो मुख्यतः कायम केला. त्यानंतर पुढचा तर्क अटळ होता: मासेच नसतील तर अर्ध्याचा अर्थ काय? रस्त्यांखालच्या अरुंद मोऱ्यांनीं माशांची वाट अडते, तीहि तहाचा भंगच, असा दावा जमातींनीं जिंकला. २०१३ सालीं संस्थानास त्या मोऱ्या दुरुस्त करण्याचा हुकूम झाला आणि २०१८ सालीं वरिष्ठ न्यायालयांत चारास चार मतें पडून तो टिकला. स्वयंसेवक नदीची सेवा हौसेनें करतात. जमातींना ती हक्काची लढाई म्हणून करावी लागली.

१९९९ च्या मार्चमध्यें प्युजेट साउंडचा चिनूक संकटग्रस्त म्हणून केंद्रसरकारच्या यादींत गेला. मिळकत दुप्पट होण्याच्या ठरलेल्या मुदतीस तेव्हां एक वर्ष उरलें होतें! आतां रानटी चिनूक वांचविण्यासाठीं मासेमारी आंखडावी लागली. पण समुद्रांत हॅचरीचा मासा आणि रानटी मासा एकाच थव्यांत फिरतात. जाळें आंखडलें कीं दोघेहि सुटतात. रानटी थोडे, ते आपल्या नदीकडे जातात. हॅचरीचे पुष्कळ, ते हॅचरीच्या दाराशीं गोळा होतात. म्हणजे रानटी माशांची स्थिति जितकी नाजूक, कोळ्यांचा त्याग जितका मोठा, तितकी हॅचरींतील शिल्लक अधिक, आणि रानटी माशांची सेवा करणाऱ्या मंडळांच्या खात्यांत पैसा अधिक. कोणी मुद्दाम योजिलें असतें तरी याहून विचित्र नातें जुळविणें कठीण होतें.

त्याच सुमारास ओरेगॉनमध्यें ॲल्सी खोऱ्यांतील एका हॅचरींत जादा झालेले कोहो काठ्यांनीं झोडून मारले जात असल्याचें चित्रण एका रहिवाशानें केलें व तें लोकांनीं पाहिलें. मोठा क्षोभ झाला. एकीकडे कोहो संपत आला म्हणून कोळ्यांस घरीं बसविलें आणि दुसरीकडे तोच कोहो काठीनें मारतात, हें सामान्य माणसास कळेना. प्रकरण न्यायालयांत गेलें, व २००१ सालीं न्यायाधीश मायकेल होगन यांनीं हॅचरीचे मासे व रानटी मासे एकाच गटांत धरल्यावर फक्त रानट्यांस संरक्षण देतां येणार नाहीं असें ठरविलें. लोकांचा संताप आम्हांस समजतो, पण तो पुरता बरोबर होता असें वाटत नाहीं. ओरेगॉनच्याच हूड नदीवर स्टीलहेड माशांच्या पिढ्यान् पिढ्यांचा जो अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत हॅचरींत काढलेल्या प्रत्येक पिढीगणिक मोकळ्या नदींत वंश चालविण्याची शक्ति सुमारें शेंकडा चाळीसांनीं घटते असें आढळलें. तबकांत जन्मलेला मासा दिसावयास तसाच, पण घरच्या शिकवणीनें वाढलेल्या मुलासारखा. परीक्षा बाहेर असते.

असें असतां हॅचरीच्या शिलकेवर नदीसेवेचा खर्च काढणें म्हणजे पाप धुण्यासाठीं त्याच पापाचा पैसा वापरणें, असें एखादा कडवा टीकाकार म्हणेल. आम्ही इतके कडवे नाहीं. गाबोळी विकली नाहीं तर ती कुजणार. आणि तिच्या पैशांतून एखाद्या ओढ्यावरची मोरी मोकळी झाली, कांठावर झाडें लागलीं, तर तें पुण्यच. शिवाय परवान्यांची फी, सरकारी अनुदान व लोकांचे हात हे दुसरे आधार आहेतच. तथापि त्या पैशाचें मूळ कोठें आहे हें विसरण्याची चैन मंडळांस परवडणार नाहीं. प्रश्न अगदीं बारीकसारीक रूपानें पुढें येतो. मेलेल्या माशाचेंच घ्या. अंडीं घालून मेलेला सॅमन समुद्रांतलें सत्त्व डोंगरांतल्या ओढ्यांपर्यंत नेतो. तें किड्यांना, पिलांना, कांठच्या झाडांनाहि मिळतें, हें अलीकडे चांगलें सिद्ध झालें आहे. म्हणून स्वयंसेवक हिंवाळ्याच्या तोंडीं हॅचरींतलीं प्रेतें पाठीवर घेऊन चिखल तुडवीत वरच्या ओढ्यांत नेऊन टाकतात. काम अत्यंत घाणेरडें, आणि शाळेचीं मुलें तें मोठ्या उत्साहानें करतात. आतां तेंच प्रेत विकलें तर मंडळाच्या खात्यांत पैसे येतात. ओढ्यांत टाकलें तर वहींत कांहींच येत नाहीं, ओढ्यांत येतें. वहीचा मोह सोडून ओढा निवडणारे लोक आहेत, म्हणूनच या चळवळीवर आमची श्रद्धा बसली.

आणि एक उदाहरण असें आहे कीं, त्यांत शिल्लक हा शब्दच उच्चारण्याची सोय नव्हती. हूड कालवा नांवाच्या समुद्राच्या लांबट फाट्यांत व त्याच्या मुखाशीं उन्हाळ्याच्या अखेरीस येणारा चम माशाचा एक वाण होता. १९९० च्या सुमारास तो इतका खंगला कीं कित्येक ओढ्यांतून नाहींसा झाला. डिस्कव्हरी उपसागराला मिळणाऱ्या सॅमन क्रीक नांवाच्या ओढ्यावर १९९२ सालीं स्थानिक स्वयंसेवकांनीं मत्स्यखात्याच्या सहकार्यानें त्या वाणाचीं अंडीं घेऊन उबविण्यास प्रारंभ केला. येथें प्रत्येक मादी मोजून घ्यावी लागे, अंडें विकण्याचा विचार स्वप्नांतहि येणें शक्य नव्हतें. जवळच चिमाकम नांवाचा ओढा आहे; त्यांतला उन्हाळी चम पार संपला होता. १९९६ पासून सॅमन क्रीकच्या वंशाचीं पिलें त्यांत सोडूं लागले, आणि १९९९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस चिमाकममध्यें पुन्हां मासे चढले. म्हणजे ज्या वर्षीं हा वाण संकटग्रस्तांच्या यादींत गेला, त्याच वर्षीं.

या कामाची एक अट २००० सालीं लेखी ठरली: कोणत्याहि ओढ्यावर हा उपाय बारा वर्षांपेक्षां, म्हणजे चम माशाच्या तीन पिढ्यांपेक्षां, अधिक चालवूं नये. मुदत संपली कीं तबकें उचलावयाचीं, मग मासे कितीहि येवोत. सॅमन क्रीकवर व चिमाकमवर तबकें उचललीं गेलीं. नंतर त्या ओढ्यांवर जे लोक शरदांत जातात ते अंडीं घेण्यास जात नाहींत. गुडघाभर पाण्यांतून हळूहळू चालत वर चढलेले मासे मोजतात, आणि आंकडा वहींत लिहून घरीं जातात.